तुमचे प्रश्न : बाराटांगची गुहा, खाडीतली झाडं आणि मधला रस्ता

मागच्या अंकात मी अंदमानच्या खारफुटीवर दोन पानं लिहिली होती. बाराटांग बेटावरची चुनखडीची गुहा, तिथवर नेणारी खाडी आणि खाडीच्या दोन्ही काठांना चिखलात पाय रोवून उभी असलेली झाडं, असा तो लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. त्या लेखात एक गोष्ट मी लिहायला हवी होती आणि लिहिली नाही. एका विद्यार्थिनीने ती नेमकी पकडली. तिचं पत्र दुसरं आहे, ते सगळ्यांनी वाचावं अशी माझी विनंती आहे.

आम्ही चौदा जण जानेवारीत अंदमानला निघालोय. सेल्युलर जेल बघायचं हा मुख्य हेतू. टूरवाल्याने एक दिवस बाराटांगचा घातलाय, पहाटे तीनला निघायचं म्हणतो. आई एकाहत्तरची आहे, गुडघे दुखतात. तिला न्यावं का? आणि एवढं उठून जावं असं तिथे काय आहे? – एक वाचक, भगूर

भगूरचं पत्र आणि त्यात सेल्युलर जेलचा उल्लेख नाही, असं होणार नाही हे मला ठाऊक होतं. सावरकरांच्या गावाहून निघालेल्या माणसाला त्या कोठडीसमोर उभं राहायचंच असतं. त्या दिवशी दुसरं काहीही ठेवू नका, एवढंच सांगते.

आता आईंचं. त्यांना बाराटांगला नेऊ नका. पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे) ते बाराटांग साधारण शंभर किलोमीटर. मध्ये जिरकाटांगला वनखात्याचं आणि पोलिसांचं फाटक आहे. तिथे गाड्यांची रांग लागते, कागद तपासले जातात आणि ठरलेल्या वेळी सगळ्या गाड्या एका ताफ्याने पुढे सोडतात. पहाटे तीनला निघायचं ते या रांगेसाठी. फाटकापासून पुढचे जवळजवळ पन्नास किलोमीटर गाडी कुठेही थांबत नाही, थांबायची परवानगीच नाही. गुडघेदुखीच्या माणसाला आणि ज्याला वरचेवर लघवीला जावं लागतं त्याला हा पट्टा फार जड जातो. मग मिडल स्ट्रेटला गाडीसकट मोठ्या बोटीतून पलीकडे, तिथून आठ-दहा जणांच्या लहान होडीत उतरायचं, अर्धा तास खाडीतून जायचं, पुन्हा धक्क्यावर चढायचं आणि मुळं, दगड, ओलसर माती तुडवत दीड किलोमीटर चालायचं. गुहेत पाय सरकतो. आणि हे सगळं परत येताना पुन्हा.

तिथे काय आहे, असं तुम्ही विचारलंत. मी २०१४ च्या डिसेंबरात बहीण आणि दोन मैत्रिणींसोबत गेले होते. टूरच्या कागदावर 'लाइमस्टोन केव्हज' असं ठळक छापलेलं होतं आणि खाडीचं नावही नव्हतं. प्रत्यक्षात माझ्या मनात राहिली ती खाडीच. रुंद पाण्यावरून होडी जोरात जाते, वारा तोंडावर येतो, सगळे फोटो काढत असतात. मग नावाडी एकदम डावीकडे वळतो, इंजिन मंद करतो आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या डोक्यावर एकत्र येतात. उजेड हिरवा होतो. पाणी हलत नाही. ओहोटी असेल तर झाडांची मुळं पुरती उघडी पडलेली असतात, जमिनीपासून हात-दोन हात वरून कमानीसारखी निघून चिखलात घुसलेली. चिखलाला उकडलेल्या अंड्यासारखा वास येतो. तो घाणीचा वास नव्हे. हवा न पोचणाऱ्या चिखलात पानं कुजवणारे जिवाणू गंधकाचा वायू सोडतात, त्याचा आहे. माझ्या शेजारच्या बाईंनी नाकाला पदर लावला होता. मी त्यांना हे सांगितल्यावर त्यांनी पदर काढून पुन्हा एकदा वास घेतला. शिकवण्याची सवय सुटत नाही.

गुहा लहान आहे. आत दिवे नाहीत, गाईड बॅटरीचा झोत टाकून इथे गणपती, तिथे कमळ असं दाखवत नेतो. लोकांना ते आवडतं. मला मात्र छताच्या टोकाला लटकलेला पाण्याचा एक थेंब पडेपर्यंत बघत राहावंसं वाटलं. तो थेंब महत्त्वाचा का, ते ओझरच्या मुलाच्या उत्तरात येईल.

आईंसाठी दुसरा दिवस सुचवते. पोर्ट ब्लेअरपासून तासाभरावर वंडूर आहे. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाचं ते दार. हे उद्यान १९८३ मध्ये घोषित झालं, त्यात पंधरा बेटं, खाड्या, खारफुटी आणि प्रवाळ असा २८१ चौरस किलोमीटरचा पसारा आहे. वंडूरच्या धक्क्यावरून बोट निघते ती खारफुटीच्या काठाकाठानेच समुद्रात जाते. पुढे जॉली बॉय किंवा रेडस्किन यांपैकी त्या मोसमात जे बेट खुलं असेल तिथे नेतात. बेटाजवळ काचेच्या तळाच्या लहान होडीत उतरावं लागतं, तेवढा एक अवघड क्षण. तिथे दोघांनी हात द्या. प्लास्टिकची बाटली, पिशवी, वेफर्सचं पाकीट नेता येत नाही, म्हणून घरातली स्टीलची बाटली आठवणीने घ्या. गुहा दिसणार नाही हे खरं. पण खारफुटी दिसेल, प्रवाळ दिसेल आणि आई तुमच्यासोबत असतील.

उरलेल्या तेरा जणांनी बाराटांगला जावं का, याचं उत्तर पुढच्या पत्राच्या उत्तरात आहे. ते वाचून तुम्ही ठरवा.

तुमचा लेख आवडला, पण बाराटांगचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव जंगलातून जातो हे तुम्ही एका ओळीतही लिहिलं नाही. तुम्हाला हे माहीत नव्हतं का? – एक विद्यार्थिनी, कॉलेज रोड

माहीत होतं. लिहिलं नाही, ही माझी चूक. तू विचारलंस हे फार बरं केलंस.

जिरकाटांगच्या फाटकापलीकडे जे घनदाट जंगल लागतं ते हजार चौरस किलोमीटरहून थोडं मोठं राखीव क्षेत्र आहे आणि ते जारवांचं घर आहे. आज त्यांची संख्या काही शेच, आपल्या एखाद्या मोठ्या सोसायटीएवढी. ही माणसं हजारो वर्षं या बेटांवर शिकार करून, मध, कंद, मासे गोळा करून राहत आली. बाहेरच्यांशी त्यांनी संबंध ठेवला नाही आणि त्याला कारणं होती. इंग्रजांच्या काळापासून त्यांच्या जंगलात शिरणारे लोक बंदुका घेऊनच आले होते. १९९८ च्या सुमारास जारवा आपणहून वस्त्यांकडे येऊ लागले आणि लगेच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याकडे गोवर म्हटलं की आजी कडुनिंबाचा पाला पसरून द्यायची आणि आठवड्याने पोर खेळायला लागायचं. ज्या माणसांच्या रक्ताला तो रोगच अनोळखी, त्यांच्यात तो वणव्यासारखा जातो. जवळच्या ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं ते इतिहासात आहे. काही हजारांवरून ते आज पन्नास-साठच्या घरात आहेत, आणि त्यात गोवर आणि बाहेरून आलेल्या इतर रोगांचा मोठा हात होता.

अंदमान ट्रंक रोड या जंगलाच्या मधून काढला गेला. सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये राखीव क्षेत्रातला भाग बंद करण्याचा आदेश दिला होता. २०१३ च्या सुरुवातीला पर्यटकांची वाहतूक काही आठवडे थांबलीही होती. पण रस्ता पुन्हा सुरू झाला, कारण उत्तरेकडच्या गावांना दवाखाना, धान्य, शाळा यांसाठी त्याचीच सवय झाली आहे. त्या गावांच्या अडचणी खोट्या नाहीत. आपल्या सहलीला मात्र तशी कुठलीही निकड नसते.

आता जे मी लेखात लिहिलं नाही ते लिहिते. परतीच्या ताफ्यात आमच्या गाडीसमोर, रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, कडेवर मूल. गाड्या जाईपर्यंत ती थांबली होती, आपण रस्ता ओलांडायला थांबतो तशी. आमच्या गाडीतल्या एका माणसाने काच खाली करून मोबाइल वर धरला. ड्रायव्हर ओरडला, काच वर गेली. हे सगळं चार-पाच सेकंदांत झालं. मी त्या माणसाच्या मागच्याच सीटवर होते आणि मी एक शब्द बोलले नाही. वर्गात ओळीत उभं राहताना धक्का मारणाऱ्या मुलाला मी ओरडायचे, तिथे मात्र गप्प बसले. ती बाई थेट आमच्याकडे बघत होती. तिच्या घरातून आम्ही शे-दीडशे गाड्या घेऊन, तिला न विचारता, दगडाची एक गुहा बघायला चाललो होतो. लेख लिहिताना खाडी, मुळं, थेंब सगळं आठवलं आणि ही बाई मी वगळली, कारण तिच्याविषयी लिहिलं असतं तर 'जरूर जा' असं लिहिता आलं नसतं.

म्हणून आता लिहिते. मी त्या रस्त्याने पुन्हा जाणार नाही, आणि कुणी विचारलं तर नका जाऊ असंच सांगेन. भगूरच्या मंडळींनाही हेच सांगणं आहे. तेराही जण आईंसोबत वंडूरला जा.

ज्यांचं बुकिंग झालंय आणि जे जाणारच आहेत त्यांनी निदान एवढं पाळावं. काचा बंद ठेवा. कॅमेरा आणि मोबाइल पिशवीत ठेवा. तिथे जारवांचे फोटो काढणं हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. बिस्किटं, केळी, तंबाखू, कपडे, काहीही देऊ नका. द्यायचा हात चांगल्या मनाचा असला तरी त्या हाताला लागलेला जंतू मनाकडे बघत नाही. सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी हॉटेलातच थांबा. आणि कुठला टूरवाला 'जारवा दिसतील हं' असं सांगून बाराटांग विकत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका, त्याला कारणही सांगा.

ताई, मी नववीत आहे. आमची सहल पांडवलेणीला गेली होती. ती पण गुहा आणि अंदमानची पण गुहा. मग फरक काय? – एक विद्यार्थी, ओझर

तुझा प्रश्न मला फार आवडला. फरक असा की पांडवलेणी माणसाने कोरली आणि बाराटांगची गुहा पाण्याने.

आपल्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. तो डोंगर बेसाल्टचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून वर आलेल्या लाव्हारसाचा काळा कातळ. हा दगड पावसात सहज विरघळत नाही. म्हणून तर दोन हजार वर्षांपूर्वी छिन्नी-हातोडीने कोरलेला शिलालेख अजून वाचता येतो. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. पुन्हा गेलास तर व्हरांड्याच्या भिंतीवर शोध.

बाराटांगचा दगड चुनखडीचा. शंख-शिंपले, प्रवाळ, डोळ्यांना न दिसणारे समुद्रातले जीव यांच्या अंगातला चुना तळाशी साचून, दबून तयार झालेला. जमीन वर उचलली गेली आणि समुद्राचा तळ डोंगर झाला. आता पाऊस पडतो, हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात मिसळतो आणि पाणी अगदी सौम्य आम्ल बनतं. ते फटींतून झिरपताना चुना विरघळवत जातं. हजारो वर्षांत फटीची भेग होते, भेगेची गुहा होते.

हे घरी करून बघ. तुमच्या ओट्याला कडप्पा किंवा अंगणात शहाबादी फरशी असेलच. दोन्ही चुनखडकच. आईला न सांगता ओट्यावर करू नको, कारण डाग पडतो. फरशीचा फुटका तुकडा घे, तो खरवडून थोडी पूड काढ आणि तिच्यावर लिंबू पिळ. कान आणि डोळे जवळ ने. बारीक फसफस होईल. तीच क्रिया, फक्त लिंबाच्या जागी पाऊस आणि तुझ्या पाच मिनिटांच्या जागी हजारो वर्षं. मग लिंबू बेसाल्टच्या खडीवर पिळ आणि काय होतं ते बघ.

आता थेंबाची गोष्ट. चुना पोटात घेतलेलं पाणी गुहेच्या छताला येतं तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि पाण्याला तो चुना धरून ठेवता येत नाही. थेंब पडण्याआधी कणभर चुना छताला चिकटवून जातो, उरलेला जमिनीवर. वरून खाली आणि खालून वर असे खांब वाढत जातात. तुझ्या भूगोलाच्या पुस्तकातले लवणस्तंभ ते हेच. तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर बघ, तोही असाच चुना.

वाढीचा वेग मात्र ऐक. साधारणपणे वर्षाला मिलिमीटरचा दहावा भाग, कुठे थोडा कमी, कुठे थोडा जास्त. गौतमी बलश्रीने लेणं दान दिलं त्या सुमाराला एखाद्या गुहेत एक खांब सुरू झाला असेल तर आज तो जेमतेम एक वीत झाला असेल. आणि बोट लावलं की त्वचेचं तेल त्यावर बसतं, पाणी तिथे नीट चिकटत नाही आणि वाढ थांबू शकते. बाराटांगला हाताच्या उंचीवरचे खांब काळपट, गुळगुळीत झालेत आणि वरचे पांढरे चमकतात. हात कुठवर पोचले त्याची ती रेघच आहे.

आमची द्राक्षबाग आहे. पाण्याचा ईसी (क्षारांचं माप) वाढला की पानांच्या कडा करपतात, घड फुगत नाहीत. मग ही खारफुटी समुद्राच्या पाण्यात जगते कशी? – एक बागायतदार, दिंडोरी तालुका

भाऊ, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या वर्गात मी तीस वर्षं विचारत आले आणि त्यातली वेदना तुमच्या एका ओळीत जास्त आहे. तुमच्या बोअरचा ईसी दोनच्या वर गेला की झोप उडते. समुद्राच्या पाण्याचा ईसी पन्नासच्या आसपास असतो.

झाडापुढे दोन अडचणी असतात. मीठ बाहेर असलं की मुळाला पाणी ओढणंच कठीण, आणि ओढलंच तर सोडियम-क्लोराइड पानात साचून पान करपतं. तुम्ही डॉगरीजच्या खुंटावर कलम करता ते पाणी कमी आणि क्षारट असलं तरी हा खुंट तग धरतो म्हणून. खारफुटीतल्या कांदळाचं मूळ म्हणजे अशा खुंटाची परमावधी. त्याच्या मुळाच्या सालीत असे थर असतात की पाणी आत जातं आणि नव्वद टक्क्यांहून अधिक मीठ बाहेरच अडतं. त्यासाठी लागणारी ओढ पानं लावतात. खारफुटीतल्याच तिवराची रीत वेगळी. तो बरंच मीठ आत येऊ देतो आणि पानावरच्या सूक्ष्म ग्रंथींतून बाहेर टाकतो. कोरड्या दिवशी तिवराचं पान जिभेला लावा, मीठ लागतं. उन्हात धरलं तर कण चमकतात.

चिखलात हवा नसते हेही तुम्हाला परकं नाही. बागेत पाणी तुंबलं की पांढरी मुळी गुदमरते. तिवर आणि चिपी आपली मुळं चिखलातून उलटी वर काढतात, पेन्सिली रोवल्यासारखी, आणि ओहोटीत त्यांच्यातून श्वास घेतात. कांदळाच्या कमानींवरही हवेची छिद्रं असतात. पुनरुत्पादनाची तर कमाल आहे. कांदळाचं बी झाडावरच रुजतं, हिरव्या शेंगेसारखा हातभर लांब कोंब लटकतो आणि पिकला की टोकाने खाली सुटतो. ओहोटीत पडला तर चिखलात उभा रुततो, भरतीत पडला तर आठवडेच्या आठवडे तरंगत दुसऱ्या काठाला लागतो. तयार रोपच झाडावरून खाली येतं, नर्सरीची गरज नाही. आपल्या राज्याने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, असं करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य.

पण एक लक्षात घ्या. या झाडाला पाणी हवं आणि पाणी ओसरणंही हवं. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात अंदमानच्या उत्तरेचा किनारा वर उचलला गेला आणि दक्षिणेचा खाली बसला. उत्तरेला ज्या खारफुटीपर्यंत भरती पोचेनाशी झाली ती उभ्या उभ्या वाळली. दक्षिणेला पोर्ट ब्लेअरजवळच्या सिप्पीघाटला भातशेतात समुद्र शिरला तो परत गेलाच नाही. मी गेले तेव्हा दहा वर्षं होऊन गेली होती. रस्त्याच्या कडेला पाण्यात नारळाचे बोडके खांब उभे होते. ते बघताना मला शेतकऱ्याचीच आठवण आली. बांध तसाच, सातबारा तसाच आणि शेत मात्र समुद्राचं.

नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला नेहमी जातो. अंदमानच्या खाडीत काय काय दिसेल? आणि मगरीचं भय खरं आहे का? – एक पक्षीमित्र, चापडगाव

भय खरं आहे. खाऱ्या पाण्यातली मगर तिथे आहे, पाट्याही लावलेल्या असतात. हात पाण्यात घालू नका आणि लाइफ जॅकेटचा पट्टा बांधा. होडीत बसलेल्याला मगर सहसा त्रास देत नाही. बहुतेकांना ती दिसतही नाही.

दिसेल ते बारकं. चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या (हे मासेच), एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे, फांदीवर निळा-पांढरा खंड्या, वर घिरट्या घालणारा पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. बाराटांगजवळ एका बेटावर संध्याकाळी पोपटांचे थवे झोपायला येतात, पण त्यासाठी रात्री बाराटांगला मुक्काम करावा लागतो. परतीचा ताफा त्याआधीच सुटलेला असतो. वाघ, बिबटे, कोल्हे अंदमानात नाहीत. चितळ दिसले तर मात्र कौतुक करू नका. ते इंग्रजांनी आणून सोडले, त्यांना खाणारं कुणी नाही आणि ते जंगलातली कोवळी रोपं फस्त करतात.

तुम्हाला एक पक्षी सांगते. आपल्या जुन्या वाड्यांत पाकोळ्या असतात ना, त्यांची एक चुलत बहीण अंदमानच्या चुनखडीच्या गुहांत घरटं करते. पूर्ण काळोखात ती टकटक आवाज काढते आणि त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधते. घरटं सगळं लाळेचं. चीनकडे त्याचं सूप करतात आणि त्यासाठी ही घरटी पिल्लांसकट ओरबाडली गेली. डॉ. रवी शंकरन या पक्षिशास्त्रज्ञाने यावर काढलेला उपाय मला फार मोठा वाटतो. घरटी काढण्यात वाकबगार असलेल्या माणसांनाच वनखात्यासोबत गुहांची राखण करायला लावलं. उत्तर अंदमानातल्या 'चालीस एक' नावाच्या ठिकाणच्या गुहांत हे काम उभं राहिलं आणि पाकोळ्या वाढल्या. कोणतं घरटं कधी रिकामं होतं, हे त्या माणसांइतकं कुणाला ठाऊक असणार?

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी गुहेतला एखादा छोटा दगड आणि थोडे शंख आणले तर चालेल का? – एक पालक, सातपूर

नाही. गुहेतून काही उचलायचं नाही. प्रवाळ आणि शंखांच्या अनेक जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर बॅगेतून काढून घेतात आणि वर कारवाईही होते. मुलीला शहाबादी फरशीचा तुकडा आणि लिंबू द्या, वरचं ओझरचं उत्तर वाचायला द्या. प्रकल्प उत्तम होईल.

नातू तिसरीत आहे. रामकुंडात दिवा सोडला तेव्हा त्याने विचारलं, हा समुद्रापर्यंत जाईल का? आणि आपल्या नदीच्या समुद्रातही तुमची ती झाडं आहेत का? मला उत्तर देता आलं नाही. – एक आजी, पंचवटी

आहेत! या पत्राने माझा आठवडा आनंदात गेला.

दिवा नाही पोचणार, तो पहिल्याच बंधाऱ्याला अडकेल, हे त्याला खरं सांगा. पाणी मात्र जातं. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला मिळते, आणि तिथे तिच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ कोरिंगाचं खारफुटीचं जंगल आहे. देशातल्या मोठ्या खारफुटी वनांपैकी ते एक. १९७८ पासून अभयारण्य आहे. तिथे पाणमांजरं आहेत, आणि मासे पकडणारं रानमांजर आहे, नातवाला हे नक्की आवडेल.

त्या जंगलाची जमीन नदीने वाहून आणलेल्या गाळाची. त्यात आपल्या बेसाल्टची झीज आहे, त्र्यंबकची, नाशिकची, पैठणची काळी माती आहे. पूर्वी ती सरळ जायची. आता वाटेत गंगापूरपासून खाली एकामागून एक धरणं आहेत आणि बराच गाळ त्यांत बसतो. उन्हाळ्यात धरणातला गाळ ट्रॅक्टरने शेतात नेताना तुम्ही पाहिला असेल. तो न पोचल्याने खालचा किनारा उपाशी राहतो, मुखाशी जमीन खचते, समुद्र आत येतो. नातू मोठा झाला की हा भाग सांगा, आत्ता रानमांजर पुरे.

कोरिंगाला जायला जारवांच्या जंगलातून जावं लागत नाही, पहाटे तीनला उठावं लागत नाही. काकिनाड्याहून गाडीने थोड्याच वेळात पोचता. झाडांमधून लाकडी पायवाट बांधलेली आहे, तुमच्या-माझ्या गुडघ्यांना जमेल अशी. निघण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघा आणि ओहोटीला पोचा. तेव्हाच चिखलातून वर आलेली ती श्वास घेणारी मुळं दिसतात. नातवाला पायवाटेच्या कठड्याशी बसवा आणि पाच मिनिटं गप्प राहायला सांगा. निवट्या आपोआप बाहेर येतात.